मुरलेल्या तंत्राचे यंत्र: गेम बॉय

२१ एप्रिल १९८९ रोजी निंतेंडोने जपानच्या बाजारात गेम बॉय आणला, तेव्हा त्यात नवे म्हणावे असे तंत्र जवळपास नव्हतेच. राखाडी प्लास्टिकची जाड पेटी, हिरवट पडदा, त्यावर एकाच रंगाच्या चार छटा आणि मागे चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोघांचे पडदे रंगीत आणि आतून उजळणारे. तरीही या शर्यतीत तेच दोघे मागे पडले. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकले गेले.

या यशामागे गुनपेई योकोई यांचा एक ठाम विचार होता. क्योटोतल्या निंतेंडोत ते १९६५ साली लागले, तेव्हा ती कंपनी पत्ते छापत होती आणि योकोई तिथली यंत्रे सांभाळत. त्यांचे म्हणणे असे, की खेळण्यासाठी नवेकोरे महाग तंत्र लागत नाही. वापरून मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग शोधावा. कॅलक्युलेटरमुळे स्वस्त झालेल्या एलसीडी पडद्यावर त्यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हे खिशातले खेळ बेतले. त्यानंतर सातोरू ओकादा आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी कॅसेट बदलता येईल असा गेम बॉय घडवला.

त्याचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, प्रोसेसर सुमारे ४.१९ मेगाहर्ट्‌झचा आणि कामाची मेमरी ८ केबी. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून खिडकीशी किंवा दिव्याखाली बसूनच खेळावे लागते. पण उजेड नाही म्हणूनच वीज वाचते. लिंक्स आणि गेम गिअर सहा सेल चार-पाच तासांत संपवत, गेम बॉय चारांवर पंधरा तास आणि त्याहूनही अधिक चाले. अमेरिकेत त्याची किंमत ९० डॉलरच्या आत होती, लिंक्सची जवळपास दुप्पट. सेल स्वतःच्या खाऊच्या पैशातून आणणाऱ्या मुलाला हा फरक लगेच कळत होता.

या पडद्याला साजेसा खेळ मॉस्कोत तयार होता. अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये रचलेला टेट्रिस हेंक रॉजर्स यांनी निंतेंडोपर्यंत पोचवला आणि अमेरिकेत तो यंत्रासोबतच मिळू लागला. त्यातले सात आकार ओळखायला रंगाची गरज नाही. भरधाव चित्रे या पडद्यावर फरपटतात, टेट्रिसचे ठोकळे मात्र एकेक घर खाली उतरतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत मिळणारा ‘९९९९ इन १’चा ब्रिक गेम याच खेळाच्या वंशातला.

दोन यंत्रे जोडणाऱ्या केबलचे चीज झाले ते १९९६ मध्ये. लहानपणी किडे गोळा करणाऱ्या सातोशी ताजिरी यांनी पोकेमॉन आणला. त्याच्या लाल आणि हिरव्या आवृत्त्यांत काही प्राणी वेगवेगळे होते, त्यामुळे संग्रह पुरा करायला मित्र गाठून अदलाबदल करणे भाग पडे. सात वर्षे जुन्या यंत्राला नवे आयुष्य लाभले. योकोई त्याच वर्षी निंतेंडोतून बाहेर पडले आणि १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले.

आज हे खेळ मूळ यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर फोनमध्ये चालतात, आणि २०२१ मध्ये आलेल्या अ‍ॅनालॉग पॉकेट या नव्या यंत्रात मूळ कॅसेटही चालते. सोय म्हणून दोन्ही उत्तम आहेत. पण मूळ यंत्र मिळत असेल तर त्यावर अवश्य खेळावे, कारण हे खेळ त्या मंद पडद्याच्या आणि चार छटांच्या हिशेबानेच रचलेले आहेत. पोकेमॉनसारख्या कॅसेटमध्ये खेळाची नोंद जपणारा बटण सेल असतो. तो आता संपत आला असणार. आधी नोंदीची प्रत काढून घ्यावी, मग जुना सेल काढून नवा डाखावा. पडद्यावर उभ्या रेघा उमटल्या, तर आतल्या पट्टीचा जोड हलक्या हाताने तापवून त्या पुष्कळदा जातात. साध्या, सर्रास मिळणाऱ्या भागांमुळे गेम बॉय तेव्हा स्वस्त झाला. त्याच भागांमुळे तो आज घरच्या टेबलावर दुरुस्त होतो. योकोईंचा विचार किती पक्का होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.