ध्रुवावरचे वारे आणि परतून येणारा फुगा

जहाजाला सुकाणू असते, विमानाला यंत्र असते. फुग्याला दोन्ही नाहीत. वारा नेईल तिकडे जाणे एवढेच त्याच्या नशिबी. असे असूनही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे खपून तयार केलेली उपकरणे फुग्याला टांगून पृथ्वीच्या अगदी निर्जन टोकावर सोडून देतात, आणि तो फुगा हजारो किलोमीटरांची प्रदक्षिणा घालून कित्येकदा निघाल्या जागेच्या आसपास परत येतो. हा चमत्कार नव्हे. वाऱ्याचा स्वभाव नीट ओळखल्याचे ते फळ आहे.

तो न ओळखता निघाल्यास काय होते, ह्याचेही उदाहरण ध्रुवप्रदेशातच आहे. 11 जुलै 1897 रोजी सालोमन आंद्रे हा स्वीडिश इंजिनियर दोन सोबत्यांसह स्पिट्सबर्गेनच्या बाजूच्या एका बेटावरून उत्तर ध्रुवाकडे जाण्यासाठी फुग्यात बसून निघाला. जमिनीवर लोंबते दोर घासत नेऊन फुग्याला थोडीफार दिशा देता येईल, असा त्याचा भरवसा होता. परंतु उड्डाणाच्या वेळीच ह्या दोरांचा बराचसा भाग गळून पडला. खालच्या थरातील लहरी वारे, धुके आणि फुग्यावर साचणारे बर्फ ह्यांनी घात केला, आणि 14 जुलै रोजी फुगा हिमावर उतरला. तिघेही पायी माघारी निघाले, पण त्यांतील एकही घरी पोहोचला नाही. त्यांचे अवशेष, रोजनिशी आणि छायाचित्रांच्या फिल्म एका ओसाड बेटावर सापडल्या त्या 1930 साली.

आजचे शास्त्रीय फुगे निर्मनुष्य असतात, आणि ते ह्या लहरी वाऱ्यांच्या राज्यात थांबतच नाहीत. ते 35 ते 40 किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, जाऊन तरंगतात. वातावरणातील शेकडा 99 हून अधिक हवा तेव्हा त्यांच्या खाली असते. अंतराळातून येणारे जे किरण हवेत शोषले जातात, ते तेथे जवळजवळ अबाधित मिळतात. आणि उपग्रहाच्या मानाने खर्चही पुष्कळच कमी.

ह्या उंचीवरील वारे ऋतूप्रमाणे दिशा बदलतात. ध्रुवावरील उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. स्थितांबरातील ओझोन वायू सूर्याचे अतिनील किरण अखंड शोषून घेतो, त्यामुळे तेथील हवा तापते आणि ध्रुवावर त्या उंचीला अधिक दाबाचा प्रदेश निर्माण होतो. हवा तेथून बाहेरच्या अंगाला जाऊ पाहते. पण पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात ती डावीकडे वळते. अशा रीतीने ध्रुवाभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे प्रत्यावर्त वारे सुरू होतात. हिवाळ्यात, सूर्य नाहीसा झाला की, सारेच उलटते आणि वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहू लागतात. भर उन्हाळ्यातील वारे मात्र मंद आणि नियमित असतात. फुगा सोडणाऱ्यांना हवे असतात ते हेच.

न मावळणाऱ्या सूर्याचा दुसराही एक लाभ आहे. फुग्यात हेलियम असतो, आणि त्याचे पॉलिथिनचे आवरण स्वयंपाकघरातील पातळ पिशवीइतकेच नाजूक असते. पूर्ण फुगल्यावर मोठ्या फुग्यात दहा लाख घनमीटरांच्या आसपास वायू मावतो. इतर प्रदेशांत रात्र झाली की हा वायू थंड होऊन आकसतो आणि फुगा खाली येऊ लागतो. त्याला वर राखण्यासाठी बरोबर घेतलेले वजन टाकावे लागते. आणि ते संपले की प्रवास संपला. हैदराबाद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तेथील उड्डाणे सामान्यतः तासांत मोजावी लागतात. ध्रुवावर रात्रच नसल्याने तीच मोजणी आठवड्यांत करता येते.

ह्यासाठी अमेरिकेची नासा ही संस्था अंटार्क्टिकातील मॅक्मर्डो तळाजवळच्या विल्यम्स फील्ड येथून, बहुधा डिसेंबर-जानेवारीत, फुगे सोडते. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावरच हे मैदान आहे. एका प्रदक्षिणेस साधारण दोन आठवडे लागतात. 29 डिसेंबर 1998 रोजी तेथून निघालेला ‘बूमरँग’ प्रयोगाचा फुगा सुमारे साडेदहा दिवसांत ध्रुवाभोवती फिरून निघाल्या जागेपासून जवळजवळ 50 किलोमीटरांवर उतरला. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशाचे जे अवशेष आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने उरले आहेत, त्यांचे त्याने मोजमाप केले. अवकाशाची भूमिती सपाट आहे, ह्या निष्कर्षाला 2000 साली त्यातून भक्कम पुरावा मिळाला.

परंतु मार्ग नेहमीच इतका सुबक वर्तुळाकार नसतो. वाऱ्यांच्या भोवऱ्याचे केंद्र ध्रुवावरून सरकले की फुगाही एका बाजूस ओढला जातो आणि कधी समुद्राच्या दिशेने जाऊ लागतो. फुगा तळापासून दूर असताना सारी माहिती रेडिओवरून पाठविता येत नाही. तिचा मोठा भाग उपकरणातच साठविलेला असतो. उपकरण समुद्रात बुडाले तर त्याबरोबर अनेकांचे श्रम बुडतात. म्हणून आणखी काही दिवस निरीक्षणे मिळवावीत, की आताच दोर तोडून हवाई छत्रीने उपकरण बर्फावर उतरवावे, हा निर्णय जमिनीवरील माणसांना करावा लागतो. बर्फावर उतरल्यावरही चिंता संपत नाही. डिसेंबर 2012 मध्ये सुटलेले ‘सुपर टायगर’ 55 दिवस वर राहिले. पण ते परत आणावयास 2015 साल उजाडले. 31 डिसेंबर 2023 रोजी निघालेल्या ‘गस्टो’ने 57 दिवसांहून अधिक काळ तरंगून तोही उच्चांक मागे टाकला.

उत्तर ध्रुवाकडेही उन्हाळ्यात असेच वारे वाहतात. स्वीडनमधील किरुना गावाजवळून जून 2009 मध्ये सोडलेली ‘सनराइज’ ही सूर्याची दुर्बीण ग्रीनलँडवरून जाऊन कॅनडातील सॉमरसेट बेटावर उतरली. प्रदक्षिणा पुरी करावयाची तर पुढे रशियाच्या आकाशातून जावे लागते, आणि त्या राष्ट्राची परवानगी नसेल तर फुगा कॅनडातच उतरवावा लागतो. वाऱ्याला सरहद्द नाही, माणसाला आहे. अंटार्क्टिकाविषयी 1959 साली झालेल्या कराराने राष्ट्रांचे हक्क-दावे तूर्त बाजूस ठेवले आणि शास्त्रीय संशोधनाला मोकळीक दिली. तेथील फुगा पूर्ण फेरी घेऊ शकतो, ह्याचे श्रेय ऋतूइतकेच ह्या समजूतदारपणालाही द्यावे लागेल.

आंद्रेने वाऱ्यालाच वळण देण्याचा यत्न केला. त्याच्या मागून आलेल्यांनी वाऱ्याची ऋतुचर्या अभ्यासली, योग्य उंची निवडली आणि योग्य दिवसाची वाट पाहिली. अनुकूल दिवस येईपर्यंत आजही ते बर्फावर कित्येक दिवस थांबून राहतात. जमिनीलगत वारा जरा वाढला तरी ते नाजूक आवरण फाटण्याची भीती असते. फुगा एकदा सुटला की त्याला वळविणे कोणाच्याच हाती नसते. माणसाला जे करावयाचे, ते त्याने त्यापूर्वीच केलेले असावे लागते.