कॉलेजच्या मुलासाठी संगणक : महाडच्या घरात कोणते भाग टिकतील?

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ संपली की महाड-पोलादपूरच्या पुष्कळ घरांत एकच विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला संगणक घ्यायचा आहे, तो कोणता घ्यावा? २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाने चवदार तळ्याचे नाव देशभर झाले. ज्यांनी तो सत्याग्रह केला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली लोणेरे येथे स्थापन झाले. महाडहून ते वीस-पंचवीस किलोमीटर. त्यामुळे इंजिनिअरिंग करायचे तर घर सोडलेच पाहिजे, अशी सक्ती इथल्या मुलांवर राहिली नाही. सकाळी एस.टी. धरायची, संध्याकाळी घरी यायचे. अशा विद्यार्थ्याला लॅपटॉपपेक्षा घरच्या टेबलावरचा डेस्कटॉप बरा, असे आमचे मत आहे. वसतिगृहात राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने लॅपटॉपच घ्यावा. परंतु डेस्कटॉपचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि दोन वर्षांनी गरज वाढली तर तेवढाच भाग वाढवता येतो. दुकानदार आणि कारागिराच्या घराला हा हिशेब पटण्यासारखा आहे.

अडचण वेगळीच आहे. जो व्यापारी कापडाचा ताणाबाणा दोन बोटांत चोळून भाव करतो, जो सुतार फळी ठोकून तिचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे मोजत नाही, तोच संगणकाच्या दुकानात गेला की गप्प होतो. समोरचा म्हणतो "गेमिंग पीसी घ्या, पाच वर्षे बघायला नको", आणि वर्षभराची शिल्लक एका सहीत जाते. रंगीत दिवे लावलेले, काचेच्या दाराचे कॅबिनेट घरी येते. आत मात्र ज्या भागावर सगळे अवलंबून असते तोच सर्वांत स्वस्त घातलेला असतो. तो भाग म्हणजे एसएमपीएस.

खरेदी भिंतीपासून सुरू करावी

पुस्तकी सल्ला प्रोसेसरपासून सुरू होतो. आमचा सल्ला असा, की महाडमध्ये भिंतीवरच्या प्लगपासून सुरुवात करावी. जुन्या लाकडी घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. आधी वायरमनला बोलावून ते तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि महागडा बोर्ड नाहक धोक्यात राहतो.

एसएमपीएसचे काम घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून प्रत्येक भागाला देणे. पावसाळ्यात वीज जाते, येते, येताना झटका मारते. तो पहिला मार यालाच बसतो. चांगला असेल तर स्वतः बंद पडून बाकीचे वाचवतो, हलका असेल तर जाताना मदरबोर्ड घेऊन जातो. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळणाऱ्या डब्यावर ५०० वॉट छापलेले असते. छापायला काय जाते? त्यापेक्षा नामांकित कंपनीचा ४५० वॉटचा, '८० प्लस ब्राँझ' शिक्क्याचा आणि निदान तीन वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा. हातात धरून वजन बघावे. हलका डबा बहुधा आतूनही हलकाच असतो. कारागिराला हे वेगळे सांगायला नको.

त्याच्या जोडीला यूपीएस. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही तो मॉनिटरसह रोजच्या कामात शंभर वॉटच्या आतबाहेर राहतो. म्हणजे वीज गेल्यावर काम जतन करून नीट बंद करायला वेळ मिळतो, आणि यूपीएसकडून तेवढेच हवे. त्यावर प्रिंटर जोडू नये. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च आधीच धरावा. मे-जूनच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात मात्र यूपीएसच्या भरवशावर न राहता प्लग काढावा, आणि इंटरनेटची तारही काढावी. ती तार बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.

पाणी आणि ओल

सावित्री आणि गांधारीच्या काठच्या गावाला पुराविषयी आम्ही काय सांगावे? जुलै २००५ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी महाडच्या बाजारपेठेने दुकानांतला माल चिखलात गेलेला पाहिला आहे. तरीही संगणक मांडताना कॅबिनेट जमिनीवर, टेबलाखाली ठेवायची रीत आहे. मुंबईच्या सातव्या मजल्यावर ती ठीक आहे. इथे कॅबिनेट टेबलावर असावे, यूपीएसही उंचावर असावा, आणि कॅबिनेट खरेदी करताना ते लहान आकाराचे, एका माणसाने उचलून पोटमाळ्यावर नेता येईल असे बघावे. काचेचे, पंखेच पंखे असलेले धूड पाण्याच्या रात्री कोण उचलणार?

याच कारणाने साठवणीसाठी एम.२ प्रकारची एसएसडी घ्यावी. ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते आणि मदरबोर्डवर एका स्क्रूवर बसते. नदी चढल्याची वर्दी आली आणि बाकी काही हलवणे जमले नाही, तरी वीज बंद करून ती पट्टी काढून खिशात टाकता येते. मुलाचा प्रोजेक्ट आणि दुकानाचे हिशेब त्यातच असतात. मात्र विंडोज ११ मध्ये ही पट्टी कुलूपबंद झालेली असू शकते. दुसऱ्या संगणकात ती उघडायची तर 'रिकव्हरी की' नावाचा आकडा लागतो. तो आधीच कागदावर लिहून ठेवावा. भिजलेला संगणक "चालतो का बघू" म्हणून लगेच सुरू करणे ही सर्वांत मोठी चूक. पाणी एकट्याने जेवढे नुकसान करते त्याच्या कितीतरी पट वीज आणि पाणी मिळून करतात.

पुराचे सोडले तरी कोकणातली ओल चार महिने असतेच. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ सुरू करावा, म्हणजे आतल्या उबेने ओल हटते. सुट्टीत महिनाभर प्लास्टिक घालून झाकून ठेवणे वाईट. मागच्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या असतील तर मुंग्या आणि पाली आत जातात, आणि पाल एसएमपीएसमध्ये शिरली की दोघांचाही शेवट होतो. पाच-दहा रुपयांच्या पत्र्याचा हा प्रश्न आहे, दुकानदाराकडून तिथेच बसवून घ्यावा.

प्रोसेसर : एका अक्षराचा फरक

आता प्रोसेसर. कॉलेजचे काम म्हणजे काय? प्रोग्रामिंग, ऑटोकॅडचे नकाशे, एक्सेल, कॉमर्सच्या मुलाला टॅली, व्याख्यानांचे व्हिडिओ आणि ब्राउझरमध्ये उघडी वीस पाने. याला इंटेलचा कोअर आय३-१२१०० हा चार कोअरचा किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो. पहिला २०२२ चा, दुसरा २०२१ चा. बाजारात याहून नवे आहेत. पण विद्यार्थ्याने नव्याच्या मागे धावू नये, जे पुरते त्याच्या मागे जावे.

मात्र नावाचे शेवटचे अक्षर नीट वाचावे. आय३-१२१००एफ हाही प्रोसेसर मिळतो आणि तो स्वस्त असतो. त्या 'एफ'चा अर्थ असा, की त्यात चित्र दाखवण्याची सोय नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही, म्हणजे वाचवलेले पैसे दुप्पट होऊन जातात. एएमडीमध्ये उलटे आहे: वरच्या एएम४ मालिकेत 'जी' अक्षर असेल तर चित्राची सोय आत असते, साध्या ५६०० मध्ये नसते. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या मुलाला तिसऱ्या वर्षी त्रिमितीय मॉडेलचे जड काम आले तर ग्राफिक्स कार्ड तेव्हा घालता येईल. मदरबोर्डवर त्याची जागा आहे ना, एवढे आज बघावे आणि ती रिकामी ठेवावी.

रॅमच्या बाबतीत सध्या सावध राहिले पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड डेटा सेंटरांनी मेमरीचा माल ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि एसएसडीलाही त्याची झळ लागली. जुना भाव मनात धरून गेलेला माणूस दुकानात चक्रावतो. १६ जीबी असावी. ८ च्या दोन पट्ट्या घातल्या तर आतल्या ग्राफिक्सला वेग मिळतो. हात आखडता असेल तर आज ८ ची एक पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवावी. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे मदरबोर्ड घेतानाच विचारावे. एसएसडी ५१२ जीबीची पुरे. एवढे लक्षात असू द्यावे, की जुनी हार्ड डिस्क मरताना खडखड करून सांगते, एसएसडी न सांगता जाते. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत बाहेर हवीच.

मॉनिटर २२ ते २४ इंचांचा, आयपीएस पडद्याचा. मुलाचे डोळे रोज चार-पाच तास त्यावर राहणार असतील तर इथे कंजुषी नको. मॉनिटर पुढच्या संगणकालाही चालतो. वजनमापच सांगायचे तर यूपीएस सोडून शंभर रुपयांपैकी पस्तीस प्रोसेसर-मदरबोर्डला, वीस-बावीस रॅमला, बारा एसएसडीला, तेरा-चौदा एसएमपीएस-कॅबिनेटला आणि उरलेले मॉनिटरला, असा हिशेब आम्हाला योग्य वाटतो. रॅमच्या भावाप्रमाणे तो थोडा सरकेल.

वापरलेला माल, दुबईचा माल

एवढे पैसे नसतील तर मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून निघालेले डेल, एचपी, लिनोव्होचे संगणक बाजारात मिळतात. माल वाईट नसतो, पण पिढी विचारून घ्यावी. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. सहाव्या-सातव्या पिढीचा माल स्वस्तात सुटतो तो याच कारणाने. त्यावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली उत्तम चालते, प्रोग्रामिंगच्या विद्यार्थ्याला तर ती शिकायलाच हवी. पण ज्याला टॅली चालवायचे त्याची पंचाईत होते. शिवाय या कंपन्यांच्या तयार पेट्यांत एसएमपीएस पुष्कळदा त्यांच्याच मापाचा असतो. तो गेला की बाजारातला साधा बसत नाही.

आखातातून भाऊ किंवा मामू पाठवतात त्या भागांविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे ते घरोघर आहे. भाग अस्सल असतो. परंतु पुष्कळ भागांची वॉरंटी जिथे विकला त्याच प्रदेशापुरती असते, आणि दुबईच्या तारेचा चौकोनी पिनांचा प्लग आपल्या सॉकेटात नीट बसत नाही. तार इथली घ्यावी. वॉरंटीचा कागद पाठवण्याआधी तिथेच वाचायला सांगावा.

पैसे आणि पावती

हप्त्यांचा विषय आपल्या वाचकांना जिव्हाळ्याचा आहे. "नो कॉस्ट ईएमआय, व्याज शून्य" अशी पाटी सर्वत्र असते. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. व्यवहारात बहुधा असे होते, की व्याज आकारले जाते आणि तेवढीच सूट किमतीत दाखवली जाते. त्या व्याजावर जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी. ज्याला व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे त्याने पाटी वाचून समाधान मानू नये, करारपत्रातली 'व्याज' या शब्दाची ओळ शोधावी. याहून सरळ वाट म्हणजे भाग-भाग करून घेणे. मोहल्ल्यातली भिशी लागली की बोर्ड-प्रोसेसर, दोन महिन्यांनी मॉनिटर. तोवर घरचा टीव्ही एचडीएमआयच्या तारेने पडद्याचे काम करतो. डेस्कटॉपमध्येच हे शक्य आहे.

संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने दुकानाच्या हिशेबासाठी घेतला तर या कराची वजावट मिळू शकते. केवळ मुलाच्या अभ्यासासाठी घेतला तर नाही, आणि कंपोझिशन योजनेत असलेल्याला दोन्ही वेळी नाही. कच्च्या पावतीवर थोडे पैसे सुटतात, पण वॉरंटीसाठी तोच कागद मागतात.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करावी की गावात? ग्रँट रोड स्टेशनजवळच्या त्या बाजारात भाव तुटतो यात शंका नाही. पण भाग बिघडला तर पावणेदोनशे किलोमीटर पुन्हा जायचे कोणी? आमचे मत असे, की भावातला फरक थोडा असेल तर महाड-माणगावच्या दुकानदाराला द्यावा, कारण पावसाळ्यात दार ठोठावायला तोच जवळ असतो. जोडणी करायला आपल्यातला रेडिओ-टीव्हीचा कारागीर किंवा वायरमनचा होतकरू मुलगा पुरे. एक स्क्रूड्रायव्हर आणि शांत डोके एवढेच भांडवल. विद्यार्थ्याला शेजारी बसवून त्याच्याच हाताने रॅम बसवून घ्यावी. पैसे चुकते करण्यापूर्वी संगणक दुकानात तासभर चालू ठेवायला सांगावे, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्यावा, आणि उरलेले स्क्रू व रिकामे खोके मागून घ्यावेत. खोके वॉरंटी संपेपर्यंत पोटमाळ्यावर राहू द्यावेत. दुरुस्तीला पाठवताना भाग त्यातूनच सुखरूप जातो.