मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व तिच्यानंतरचा दीड महिना

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया संपली असे केव्हा म्हणावयाचे? नोंदवहीच्या दृष्टीने कृत्रिम भिंग बसविले त्याच दिवशी ती संपते. रुग्णाच्या दृष्टीने पट्टी सुटून माणसे ओळखू आली की संपते. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ती सुमारे दीड महिना चालू असते. या तफावतीचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

शस्त्रकर्मोत्तर पथ्य आपणांस नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील शलाकाकर्म सांगितल्यावर रुग्णाने उताणे निजावे, ढेकर, खोकला, शिंक व थुंकणे टाळावे, असे बजावले आहे. त्या कर्मात भिंग काढीत नसत, बाजूस सारीत, असे सामान्यतः मानले जाते; म्हणून हालचालीचे भय रास्तच होते. आज टाक्यांवाचून होणाऱ्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत निजून राहण्याचे कारण उरलेले नाही. धोक्याचे स्वरूप पालटले आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला, तर वेदना, लाली व उतरती दृष्टी ही लक्षणे दिसतात आणि काही तासांचा विलंबही डोळा घालवू शकतो. दाह शमविणारे स्टेरॉइडचे थेंब क्रमाक्रमाने कमी करावयाचे असतात: एकाएकी थांबविल्यास दाह उलटतो, देखरेखीवाचून चालू ठेवल्यास नेत्रदाब वाढू शकतो. चष्म्याचा अंक स्थिरावतो तो शेवटी.

परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावी या सूचना पोचतात, तेव्हा त्यांचा धनी बदलतो. रुग्ण बहुधा वृद्ध असतो. स्वतःच्या डोळ्यात थेंब नेमका पाडणे त्याला जमत नाही. कागद वाचावयाचा तर त्यासाठी तोच डोळा हवा! सूचना मिळते सासूला, पाळावी लागते सुनेने. आणि सून सकाळीच कापूस वेचावयास गेलेली असते. दुपारचा थेंब शाळेतून परतलेल्या नातवावर येतो. चुलीचा धूर आणि ज्वारीच्या मळणीची धूळ टाळा, असे सांगणे सोपे आहे. परभणीस तपासणीला जाण्याचे भाडे थोडे. सोबत्याची बुडणारी मजुरी मोठी. त्यातून डोळा चांगला दिसत असेल, तर जावे तरी कशाला? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, हिशेबाचा आहे. तेव्हा अनुसेवेचा घटक रुग्ण नसून कुटुंब होय, असे आम्हांस वाटते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्रही होता. कामाचे माप प्रामुख्याने शस्त्रक्रियांची संख्या हेच राहिले. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय अभ्यासात, पहिल्या काही दिवसांत मोजलेल्या दृष्टीवरून रुग्णालयाच्या कामाचा दर्जा बऱ्याच अंशी ठरविता येतो, असे आढळले. रुग्ण परत येत नाहीत तेथे हा निष्कर्ष उपयुक्त आहे. पण त्याने रुग्णालयाची परीक्षा होते, रुग्णाची सोय होत नाही.

काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागील आवरण धुरकट होऊन दृष्टी पुन्हा मंदावते, तेव्हा ‘मोतीबिंदू परत आला’ असे समजून माणूस घरी बसतो. वस्तुतः लेसरने काही मिनिटांत तो पडदा दूर होतो. हे समजावून सांगण्याची जागा म्हणजे शेवटची तपासणी, आणि घरी बसलेला तो माणूस नेमका तिलाच गेलेला नसतो.