हायड्रेंजिया : कुंडीतील पुनर्लावणी

हायड्रेंजिया (हायड्रेंजिया मॅक्रोफायला, कुल-हायड्रेंजिएसी) हे मूळचे जपानमधील पानझडी झुडूप असून मोठ्या, गोलसर फुलोऱ्यांकरिता ते अनेक देशांत बागांतून व कुंड्यांतून लावले जाते. पूर्वी याचा समावेश पाषाणभेद कुलात (सॅक्सिफ्रेगेसी) करीत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पेटर तुनबॅर्य यांनी १७८४ मध्ये त्याचे वर्णन व्हायबर्नम या प्रजातीत केले होते. हायड्रेंजिया प्रजातीत ते १८३० मध्ये घातले गेले. प्रजातीचे नाव ‘पाणी’ व ‘पात्र’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले असून ते फळाच्या घटासारख्या आकाराला अनुलक्षून आहे. झुडपाला पाणी फार लागते म्हणून हे नाव पडले, असा समज आढळतो तो बरोबर नाही. पाणी मात्र त्याला खरोखरच फार लागते. याच प्रजातीतील काही जाती हिमालयात रानटी अवस्थेत आढळतात. भारतात उटकमंड, दार्जिलिंग, सिमला अशा थंड हवेच्या ठिकाणी हायड्रेंजिया चांगला फुलतो. सखल उष्ण प्रदेशात पाने जोमदार येतात, पण पुरेशा थंडीअभावी फुले बेताची येतात किंवा येतच नाहीत.

फुलोऱ्यातील आकर्षक भाग पाकळ्यांचा नसून मोठ्या झालेल्या संदलांचा (फुलाच्या सर्वांत बाहेरच्या दलांचा) असतो व अशी बहुतेक फुले वंध्य असतात. पाने मोठी, समोरासमोर व दातेरी असून त्यांच्यावाटे पाण्याचे बाष्पोत्सर्जन पुष्कळ होते. मुळे मात्र तंतुमय असून मातीच्या वरच्या थरातच पसरतात. एवढ्या मोठ्या पर्णसंभाराला इतक्या उथळ मुळांनी पाणी पुरवावयाचे, ही या झुडपाची मूळ अडचण आहे. जमिनीत मुळे बाजूला पसरून ती भागवितात. कुंडीत त्यांना तशी सोय नसल्याने दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलणे आवश्यक ठरते. कुंडी बदलणे म्हणजे केवळ झाड मोठ्या भांड्यात हलविणे असे सर्वसाधारणपणे मानतात. हायड्रेंजियाच्या बाबतीत मुळांभोवतीची माती, तिची अम्लता व तिच्यातून पाण्याचा निचरा या गोष्टी भांड्याच्या आकारमानापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

हा फरक सातारा व सांगली या लगतच्या जिल्ह्यांत स्पष्ट दिसून येतो. पाटण तालुक्यातील कोयनानगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेलगत असून तेथे वर्षाला सु. ५,००० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील पाऊस त्याच्या दशांशाच्या आसपास आहे. कोयना खोऱ्याच्या माथ्यावरील जांभा खडकापासून झालेल्या तांबड्या मातीतून चुना व इतर क्षारके धुऊन गेलेली असतात. ती अम्लधर्मी असून तिच्यात लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे विपुल असतात. याउलट पूर्वेकडील काळ्या मातीत चुनखडीचे खडे मिसळलेले असतात व विहिरींचे पाणीही बहुधा जड असते. त्यामुळे कोयनेकडे निळा फुलणारा हायड्रेंजिया सांगलीकडे नेऊन तेथील मातीत लावल्यास तो पुढे गुलाबी फुलू लागतो, आणि बहुधा त्याआधीच त्याची पाने पिवळी पडतात.

रंग बदलण्याचे कारण आता चांगले ज्ञात झाले आहे. निळ्या व गुलाबी फुलांतील रंगद्रव्य एकच, डेल्फिनिडीन वर्गातील अँथोसायानीन हे असते. मातीचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक) सु. ५·५ पेक्षा कमी असल्यास मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांवाटे संदलांपर्यंत पोहोचते व तेथे रंगद्रव्य आणि इतर सहद्रव्ये यांच्याशी त्याचे जटिल संयुग बनून निळा रंग येतो. हे मूल्य ६·५ च्या वर गेल्यास ॲल्युमिनियम अविद्राव्य बनते व फुले गुलाबी राहतात. अशाच परिस्थितीत लोहही झाडाला मिळेनासे होते; कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा प्रकार खताच्या कमतरतेचा समजून खत वाढविण्यात येते, त्याने झाड सुधारत नाही. विशेषतः सुपरफॉस्फेट व हाडांचे खत यांतील फॉस्फरसामुळे ॲल्युमिनियम बद्ध होऊन निळा रंग नाहीसा होतो. पांढऱ्या फुलांच्या प्रकारांवर मातीच्या अम्लतेचा असा परिणाम होत नाही.

कुंडी बदलण्याची वेळ झाली आहे, हे काही लक्षणांवरून ओळखता येते. मुळे बुडाच्या भोकातून बाहेर डोकावतात. घातलेले पाणी मातीत न मुरता कुंडीच्या कडेने लगेच निघून जाते. पाणी देऊनही दुपारी पाने माना टाकतात. तथापि उन्हात माना टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ होणारी पाने हे नेहमी मुळे दाटल्याचेच लक्षण नसते. माती ओलसर असूनही सकाळी पाने मलूल दिसत असतील, तर मुळे कुजत असण्याचा संभव अधिक असतो व अशा वेळी आणखी पाणी देणे घातक ठरते. शंका असल्यास झाड कुंडीतून काढून मुळे पाहणे हाच उत्तम मार्ग होय. निरोगी मुळे पांढरट व घट्ट असतात; कुजलेली तपकिरी, मऊ असून त्यांना दुर्गंधी येते.

युरोपातील पुस्तकांत सांगितलेले वसंतातील किंवा शरदातील वेळापत्रक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. कोयना भागात जून ते ऑगस्टपर्यंत मातीत हवा जवळजवळ राहत नाही. त्या काळात छाटलेल्या मुळांच्या जखमा भरून न येता त्यांत कूज शिरते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, डोळे फुगण्यापूर्वी, सर्वांत योग्य असतो. कारण मार्च-मेच्या कोरड्या उन्हाळ्यापूर्वी नवी मुळे धरण्यास अवधी मिळतो. मात्र या वेळी फांद्यांचे शेंडे छाटू नयेत. या झुडपाच्या बहुतेक प्रकारांत फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांच्या टोकांशी थंडीच्या सुरुवातीलाच तयार झालेल्या असतात. कुंडी बदलताना हौसेने केलेली ही छाटणी हे त्या वर्षी फुले न येण्याचे नेहमीचे कारण असते. छाटणी फुलोरे सुकताच करावी.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्यावे. कुंडी आडवी करून, तिच्या कडा ठोकून मातीचा गोळा अलगद बाहेर काढावा; खोड धरून ओढू नये. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांची मुळे बहुधा चिकट तांबड्या मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा तसाच नव्या मिश्रणात ठेवल्यास तो वाळून विटेसारखा कठीण होतो व भोवतीची माती ओली असूनही मुळे तहानलेली राहतात. म्हणून तो बादलीभर पाण्यात भिजवून बोटांनी मोकळा करावा. गोल फिरलेली मुळे उलगडून वा कापून टाकावीत. मोठी कुंडी वापरावयाची असल्यास ती पहिलीपेक्षा सु. ५ सेंमी. जास्त व्यासाची पुरते. फार मोठ्या कुंडीतील मुळे न पोहोचलेली माती पावसाळ्यात आंबते. त्याच कुंडीत पुन्हा लावावयाचे असल्यास गोळ्याचा बाहेरचा २–३ सेंमी. थर धारदार सुरीने काढून तेवढी नवी माती भरावी.

बुडाशी खापऱ्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची जुनी चाल निचऱ्यासाठी उपयोगी आहे, असे मानले जाते. वस्तुतः तिचा परिणाम उलट होतो. बारीक कणांच्या मातीतील पाणी जाड तुकड्यांच्या थरात सहज उतरत नाही; माती पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते वरच अडून राहते. म्हणजे ओलाव्याचा थर तेवढाच वर, मुळांकडे सरकतो. भोकावर एक बाकदार खापरी पालथी ठेवणे पुरेसे असते. निचरा मिश्रणातूनच साधावा लागतो. जांभ्याची माती २ भाग, चांगला कुजलेला पालापाचोळा किंवा धुतलेला नारळाच्या काथ्याचा भुसा २ भाग आणि जाड वाळू १ भाग, असे मिश्रण सर्वसाधारणपणे योग्य ठरते. अतिपावसाच्या भागात वाळूचे प्रमाण वाढवावे व उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी घ्यावी. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले असून २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथील माती वा पालापाचोळा आणणे योग्य नाही. घरच्या परसातील पालापाचोळा वर्षभर कुजवून वापरावा.

माती वा वाळूत चुना आहे की नाही, हे तिच्यावर थोडा शिरका टाकून पाहता येते. फेस आल्यास ती या कामी निरुपयोगी समजावी. सिमेंटच्या नव्या कुंडीतूनही चुना सुटतो, म्हणून ती आठवडाभर पाण्यात ठेवून, पाणी वरचेवर बदलून मगच वापरावी. शक्यतो मातीची कुंडी बरी. निळा रंग हवा असल्यास १ लि. पाण्यात ३–४ ग्रॅ. ॲल्युमिनियम सल्फेट विरघळवून ते ओल्या मातीत क्वचित द्यावे. जास्त झाल्यास मुळे जळतात. सांगलीसारख्या जड पाण्याच्या भागात पावसाचे पाणी साठवून देणे हा याहून टिकाऊ उपाय आहे, कारण पाण्यातील चुन्यामुळे चांगले मिश्रणही एक-दोन वर्षांत अम्लता गमावते.

झाड पूर्वीइतक्याच खोलीवर लावून कुंडीचा वरचा २–३ सेंमी. भाग पाण्यासाठी मोकळा ठेवावा. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावे व सु. सहा आठवडे खत देऊ नये. नंतर सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी. पावसाळ्यात कुंडी वळचणीला, पण पागोळीची धार पडणार नाही अशी ठेवतात; धारेने माती वाहून जाते व उथळ मुळे उघडी पडतात. कुंडीखालची थाळी या काळात काढून घ्यावी आणि कुंडी दोन विटांवर टेकवावी. झुडपाच्या सर्व भागांत, विशेषतः पानांत व कळ्यांत, सायनाइडजनक द्रव्ये असतात. म्हणून छाटलेल्या फांद्या शेळ्या वा गुरे खातील अशा जागी टाकू नयेत.