आजीची गोधडी आणि ऑक्टोबरचे कपडे



ऑक्टोबरात इथे न्यू जर्सीत सकाळी गारठा, दुपारी ऊन. मग घालायचे काय? आजीची गोधडी आठवा. जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवलेले असतात. थरांत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून एका जाड कोटापेक्षा आत सदरा, त्यावर लोकरी स्वेटर आणि वर वारा अडवणारे जाकीट बरे. उकडले की एकेक काढता येते. सुती सदरा घामाने भिजला तर मात्र लगेच बदला, नाहीतर हुडहुडी भरेल.

आमच्या कन्येला आजीने विणलेला स्वेटर जुनाट वाटायचा. आता ती तो रोज जाकिटाच्या आत घालते. आजीला हल्ली नीट दिसत नाही, त्यामुळे दुसरा विणून येणार नाही. पालकहो, कपाटात तळाशी असा स्वेटर असेल, तर बाहेर काढा!