गर्भनिरोधक गोळी : भरवसा कशावर?

एखादे औषध कितपत खात्रीचे आहे असे आपण विचारतो, तेव्हा तो प्रश्न औषधाविषयी असतो, घेणाऱ्याविषयी नसतो. आणि तापाच्या वा खोकल्याच्या औषधापुरते ते चालूनही जाते, कारण दुखणेच रुग्णाला औषधाची आठवण करून देत असते. गर्भनिरोधक गोळीची गोष्ट निराळी. ती निरोगी बाई घेते, काहीही दुखत नसताना घेते, रोज घेते आणि पुष्कळदा घरातील कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने घेते. त्यामुळे ही गोळी कितपत खात्रीची, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातील तरुण स्त्रीला त्या दोहोंमधील अंतर समजावून सांगणे हे गोळीचे पाकीट हाती देण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

पहिले उत्तर असे की, संयुक्त संप्रेरकांची गोळी एकही दिवस न चुकवता घेणाऱ्या हजार स्त्रियांपैकी वर्षभरात अवघ्या तिघींना दिवस जातात. दुसरे उत्तर प्रत्यक्ष संसारातले आहे. कधी विसरत, कधी पाकीट संपल्यावर चार दिवस थांबत, अशा रीतीने गोळी घेणाऱ्या स्त्रियांचाही हिशेब धरला, तर हेच प्रमाण शंभरात सातांवर जाते, असा अमेरिकेतील पाहण्यांवरून बांधलेला अंदाज आहे. सात हा आकडा दिसायला लहान. परंतु पाळणा लांबवू पाहणाऱ्या स्त्रीचा हिशेब एका वर्षाचा नसतो. हाच दर पाच वर्षे कायम राहिला असे धरले, तर शंभरातल्या जवळजवळ तीस जणींना त्या मुदतीत नको असताना गर्भ राहील. गोळी चुकवलीच नाही, तर ही संख्या दोनच्याही आत राहील. गोळी दोन्हीकडे तीच आहे. बदलते ती तिच्या भोवतालची परिस्थिती.

सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटाकडे जरा निरखून पाहावे. त्यात २८ गोळ्या असतात. पैकी २१ पांढऱ्या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम व एथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम ही दोन संप्रेरके असतात, आणि उरलेल्या सात गडद गोळ्या निव्वळ लोहाच्या. ही संप्रेरके मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला आवर घालतात, त्यामुळे बीजांड बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखावरील स्राव दाट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. लोहाच्या सात दिवसांत पाळी येते. या गोळ्यांनी गर्भ टळत नाही, म्हणून कोणी त्या टाकून देते. त्याने बिघडत काहीच नाही, मात्र आठव्या दिवशी नवे पाकीट सुरू व्हायलाच हवे. त्या सात गोळ्यांचे खरे काम रोजची सवय मोडू न देणे आणि दिवसांचा हिशेब राखणे हे आहे. संप्रेरकांवाचूनचे दिवस सातांहून अधिक झाले की आवर सुटतो व बीजांड बाहेर पडू शकते; त्यामुळे पाकिटाच्या मध्यावर चुकलेल्या एका गोळीपेक्षा पहिल्या आठवड्यात चुकलेल्या गोळ्या अधिक घातक ठरतात.

नियम अवघड नाहीत. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत गोळी सुरू केली, तर वेगळ्या खबरदारीची गरज पडत नाही. एक गोळी राहिली, तर आठवताच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी हरकत नाही. लागोपाठ दोन वा अधिक राहिल्या, तर गोळ्या चालू ठेवून पुढील सात दिवस निरोधही वापरावा. आणि ही चूक तिसऱ्या आठवड्यातली असेल, तर पांढऱ्या गोळ्या संपताच लोहाच्या वगळून लगेच नवे पाकीट काढावे. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी घेतलीच नाही असे समजून दुसरी घ्यावी. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावयास हवी: क्षयावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे चालू असताना या गोळीचा गुण पुरेसा येत नाही. अशा स्त्रीने एकही दिवस चुकवला नाही तरी तिचा भरवसा पोकळ ठरू शकतो. तिने डॉक्टरांकडून दुसरे साधन ठरवून घ्यावे.

नियम सोपे असूनही ते पाळणे अवघड का होते, याचे उत्तर केळापूर, घाटंजी किंवा उमरखेडच्या शिवारात मिळते. कापसाच्या वेचणीचा हंगाम आला की बाई दिवस उगवण्यापूर्वी स्वयंपाक उरकून शेतात जाते आणि अंधार पडता परतते. उपकेंद्र उघडे असते त्या वेळी ती पऱ्हाटीत असते. कामासाठी कुटुंब परमुलखात गेले, तर गावची आशाताई आणि तिच्याजवळचा गोळ्यांचा साठा मागे राहतो. गर्भनिरोधक साधने घरपोच देण्याची योजना २०११ मध्ये आली, तेव्हा महिन्याच्या पाकिटाला आशाताईने एक रुपया घ्यावा असे ठरले होते. म्हणजे अडचण पैशाची उरली नाही. ती घरातल्या जागेची आहे. दोन खोल्यांच्या घरात नव्या सुनेला स्वतःचे असे एकच ठिकाण असते, तिची पेटी. आणि लग्नाला वर्ष होताच ‘काही आहे का?’ असे जिथे उघड विचारले जाते, तिथे पेटीतले पाकीट सासूच्या हाती लागणे म्हणजे साधी बाब नव्हे. तिने रोज ठराविक वेळी गोळी घ्यावी हे सांगणे सोपे. ती वेळ रात्रीच्या जेवणानंतरची असावी की पहाटे चूल पेटवतानाची, हे मात्र तिच्याशी बसून ठरवावे लागते.

आपल्याकडील सरकारी यंत्रणेला असे बसून बोलण्याची सवय लागली नाही, याला इतिहास कारण आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून निर्णयाचा अधिकार स्त्रीचा आहे असे प्रतिपादन केले. १९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यवतमाळच्या शेजारी वर्धा येथे महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना मान्यता न देता संयमाचा आग्रह धरला. त्याच सँगरबाईंच्या प्रोत्साहनाने पुढे सिद्ध झालेली गोळी १९६० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती पाहण्यास कर्वे हयात नव्हते. सरकारी कुटुंबनियोजन १९५२ मध्ये सुरू झाले खरे, पण त्याचा भर हळूहळू शस्त्रक्रियेवर गेला, आणि १९७६ मध्ये तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही, एवढेच. आजही महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांचे ऑपरेशन झालेले आढळते आणि गोळी घेणाऱ्या अगदी थोड्या. दोन मुले झाल्यावर पुढची नको असलेल्या बाईची सोय झाली. पहिले मूल दोन-तीन वर्षांनी हवे असलेली विशीतली मुलगी राहून गेली. अविवाहितेची तर आरोग्य केंद्राच्या जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीत जागाच नाही. आणि झरी जामणी तालुक्यातील कुमारी मातांचा प्रश्न वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे गाजूनही या नोंदवहीचा नमुना काही बदलला नाही.

रोजची गोळी ज्यांना निभत नाही, त्यांना पर्याय आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरकरहित ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यावी लागते. तिने पाळी लांबते, हे मात्र आधी सांगितलेले बरे, नाहीतर दिवस राहिले असे समजून बाई घाबरते. तांबी बसवली की आठवण ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ‘अंतरा’चे इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. औषधाच्या दुकानात मिळणारी ७२ तासांची गोळी ही अडीअडचणीची आहे. जितकी लवकर घ्यावी तितका तिचा उपयोग अधिक, पण महिन्यामागून महिने तिच्यावर विसंबणे फसवे आहे.

गोळीने कायमचे वांझपण येते ही भीती निराधार आहे. ती थांबवल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. पहिले दोन-तीन महिने मळमळ, डोकेदुखी किंवा मधूनच डाग दिसणे संभवते, व ते बहुधा आपोआप थांबते. ज्यांना उच्च रक्तदाब आहे, पायात रक्ताची गुठळी होऊन गेली आहे, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते किंवा अंगावर सहा महिन्यांच्या आतले मूल पिते, त्यांनी संयुक्त गोळी घेऊ नये. आणि विदर्भात आढळणारा सिकलसेल ज्यांना आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती सुरू करू नये. गुप्तरोगांपासून गोळी रक्षण करीत नाही. ते काम निरोधाचेच.

इतके करूनही साधन फसू शकते, हे कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९७१ च्या गर्भपात कायद्यात साधनाचे अपयश हे विवाहितेपुरते कारण मानले गेले; २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित’ ही अट काढून टाकली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर हा गर्भपात कायदेशीर होतो. म्हणून गोळी चुकली वा फसली, तर तरुणीने लाजेपायी दिवस दवडू नयेत आणि वैदूचा काढाही घेऊ नये. सरकारी रुग्णालयाची वाट धरावी.

हजारात तीन आणि शंभरात सात यांमधले अंतर कारखान्यात भरून निघणार नाही. वेचणीला लागण्यापूर्वी एकाऐवजी तीन पाकिटे हाती पडणे, गोळी चुकली तर काय करायचे हे आधीच ठाऊक असणे आणि नवऱ्याला ते पाकीट माहीत असणे, एवढ्या तीन गोष्टींनीच ते पुष्कळ कमी होईल. यांतल्या पहिल्या दोन उपकेंद्राच्या आवाक्यातल्या आहेत. तिसरीसाठी परिचारिकेने सुनेबरोबर तिच्या नवऱ्यालाही समोर बसवावे.