जिन्याखालचा कॉम्प्रेसर

दंतवैद्याच्या दवाखान्यात आलेल्या रुग्णाला खुर्ची दिसते, दिवा दिसतो, ट्रेमधील चकाकणारी उपकरणे दिसतात. ज्याच्या बळावर यांतील निम्मी चालतात ते यंत्र मात्र जिन्याखाली, मागच्या बोळात किंवा प्रसाधनगृहाच्या माळ्यावर घरघरत असते. १९५७ साली जॉन बॉर्डन यांचा ‘एअरोटर’ आला आणि हवेच्या झोतावर मिनिटाला अडीच-तीन लाख फेरे घेणाऱ्या टर्बाइनने दंतचिकित्सेची रीतच पालटली. त्या नावाने आपण आजही तशा प्रत्येक हँडपीसला ओळखतो. त्याला हवा पुरविणाऱ्या विजेच्या कॉम्प्रेसरची आठवण मात्र तो बंद पडला म्हणजेच होते.

ही हवा निरुपद्रवी नव्हे. ५० लिटरच्या टाकीचे टोकाचे झाकण सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटर. दाबमापकाचा काटा ७ किलोवर असतो तेव्हा त्या झाकणावर आतून जवळजवळ ५ टनांचा रेटा असतो. पत्रा शाबूत आहे तोवर काळजीचे कारण नाही. प्रश्न आहे तो पत्रा आतून कोण खातो याचा, आणि त्याचे उत्तर आपल्या बेळगावकरांना नवे वाटू नये : पाऊस.

आषाढ-श्रावणातल्या कुंद दिवशी एक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा आठवा हिस्सा जागेत कोंबून निवू दिली, की त्या जागेत जेमतेम ३ ग्रॅम वाफ मावते. उरलेले १७ ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. मिनिटाला ६० लिटर हवा ओढणारे यंत्र दिवसभरात मिळून चार तास चालले, तर पाव लिटरच्या आसपास पाणी जमते. महिनाभर ते काढले नाही तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. टाकीतली हवेची जागा घटते, यंत्र वारंवार सुरू होऊ लागते आणि तळाचा पत्रा गंजून पातळ होतो. बाहेरून रंग तसाच ताजा दिसतो, ही यातली खरी मेख. शिवाय तीच ओल नळ्यांतून एअरोटरच्या बेअरिंगपर्यंत आणि वाळविलेल्या दातापर्यंत पोहोचते. कॉम्पोझिटची भरणी वारंवार निसटत असेल, तर रसायनाला दोष देण्यापूर्वी एअर सिरिंजचा झोत कोरड्या आरशावर सोडून पाहावा. आरशावर तुषार किंवा तेलाचा तवंग दिसला, की दोष कोठे आहे ते उमगते.

उपाय फुकटचा आहे. रोज संध्याकाळी मुख्य बटण बंद करावे, दाब एक-दोन किलोपर्यंत उतरू द्यावा, तोंड बाजूला ठेवून टाकीच्या तळाचा नळ सावकाश उघडावा आणि कोरडी हवा येईपर्यंत उघडा ठेवावा. पाणी तांबूस येऊ लागले तर टाकीची तपासणी करून घ्यावी. ती जाणकाराकडून पाण्याच्या दाबाने व्हावी. पाणी दाबले जात नाही, म्हणून टाकी फुटलीच तरी स्फोट होत नाही. हवेने केलेली परीक्षा जिवावर बेतू शकते. गंजून भोक पडलेल्या टाकीला ठिगळ लावून देणारा वेल्डर उद्यमबागेत सहज मिळेल, पण अशी टाकी मोडीत काढणेच शहाणपणाचे.

दुसरा पहारेकरी सेफ्टी व्हॉल्व्ह. प्रेशर स्विच बिघडून मोटर थांबेनाशी झाली, तर जास्तीची हवा हाच सोडतो. महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून तो मोकळा आहे ना, हे पाहावे. ‘सारखी हवा सोडतो’ म्हणून त्याच्या जागी बोल्ट ठोकणारा मेकॅनिक पुन्हा दवाखान्यात येऊ देऊ नये.

मोटर थांबताच ऐकू येणारा ‘फुस्स’ आवाजही कामाचा आहे. नळीत कोंडलेली हवा सुटून पुढच्या खेपेस मोटर हलकी सुरू व्हावी, अशी ती योजना. हा आवाज येईनासा झाला की मोटर भाराखाली सुरू होऊ पाहते, गुरगुरते आणि शेवटी जळते. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर जोडलेल्या यंत्राचीही तीच गत होते, म्हणून १६ अँपिअरचा स्वतंत्र, अर्थिंग असलेला सॉकेट असावा. दाब उतरताच वा गेलेली वीज परतताच यंत्र आपोआप सुरू होते. तेव्हा पट्ट्याला किंवा पंख्याला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा, टाकी रिकामी करावी. रात्री दवाखाना बंद करताना मुख्य बटण विसरू नये. निसटलेल्या एका नळीपायी यंत्र रात्रभर धापा टाकत राहते.

जागा कोरडी आणि वाऱ्याची हवी. जनरेटरचा धूर जिथे येतो तिथे कॉम्प्रेसरचे नाक नसावे, कारण कार्बन मोनॉक्साइड साध्या फिल्टरला दाद देत नाही. नवे यंत्र घेताना ऑइल-फ्रीच पाहावे, मात्र त्याला निगा लागत नाही हा समज खोटा. फिल्टर आणि पिस्टनच्या रिंगा त्यालाही बदलाव्या लागतात. रिकामी टाकी भरण्यास किती मिनिटे लागतात ते नव्या यंत्रावर खडूने लिहून ठेवावे. पुढे वेळ वाढू लागला की गळती आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. गळती साबणाच्या पाण्याने सापडते.

मदतनिसांना एक तंबी द्यावीच : हवेच्या नळीने अंगावरची धूळ झाडावयाची नाही, थट्टेतही ती कोणावर रोखावयाची नाही. डोळा आणि कानाचा पडदा यांना हा झोत सोसत नाही. अक्कलदाढ काढताना एअरोटरची हवा ऊतींत शिरून गाल-मान फुगलेले रुग्ण आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. जखमेतून शिरलेली हवा कारखान्यातही तेच करते.

घरोघरी आलेला नेब्युलायझर हाही छोटा कॉम्प्रेसरच. त्याला टाकी नसल्याने फुटण्याचे भय नाही, पण ओलीचा जाच तोच. औषध संपल्यावर कप धुऊन वाळत ठेवावा आणि नळी यंत्राला जोडून मिनिटभर नुसती हवा सोडावी. फिल्टर करडा दिसला की बदलावा. आजोबांच्या सोयीसाठी यंत्र गादीवर ठेवले जाते, तेवढे टाळावे; खालचे झरोके बुजतात आणि ते तापते. उशाशी स्टूल पुरे.